हात वर केला की थांबायचं

"आई, हितला दात कुठं गेला?"

मी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी, डोकं माझ्या साडेचार वर्षांच्या लेकीच्या मांडीवर. तिच्या एका हातात उलटा धरलेला चमचा, दुसऱ्या हातात माझ्याच मोबाइलची बॅटरी. दोन दिवस आमचा हा खेळ चालला होता. आधी मी तिचे दात मोजायचे, मग ती माझे. "आता मी डॉक्टर झालो, तू आ कर," असं म्हणत तिनं चमच्याची गार पाठ माझ्या गालाच्या आत सरकवली होती. (कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मीही लहानपणी बोलायचे. बाहेरगावच्यांना त्याचं नवल वाटतं, मला मात्र ते ऐकलं की घरी आल्यासारखं वाटतं.) मोजता मोजता खालच्या डाव्या बाजूला ती अडखळली. तिथं माझी एक दाढ नाही. तिच्या मागची दाढ थोडी पुढं कलली आहे, पण फट राहिली ती राहिलीच.

त्या फटीची गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितली नव्हती.

1996 साल. मी चौथीत होते. आम्ही तेव्हा शिवाजी पेठेत राहायचो. डावी दाढ दोन-तीन महिने ठणकत होती. आई लवंग ठेचून कापसात घालून तिथं ठेवायची. "दुधाचीच आहे, पडेल की," असं घरातलं जो तो म्हणायचा. ती दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही मागं, एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात हलत नाही, पडत नाही, रक्त येत नाही. ती गुपचूप येते, त्यामुळं घरात कुणाला पत्ताच लागत नाही. दिसायला ती दुधाच्या दाढांच्या रांगेतली, पण असते कायमची, जन्मभर पुरायची. हे मला कळलं ते पंचवीसेक वर्षांनी, दुसऱ्याच एका डॉक्टरकडून.

एका संध्याकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "चल, खासबागेत भेळ खाऊन येऊ." मी उड्या मारत स्कूटरवर मागं बसले. स्कूटर खासबागेकडं वळलीच नाही. एका जिन्यापाशी थांबली. वर गेल्यावर स्पिरिटचा वास आला आणि मला सगळं उमगलं. डॉक्टर म्हणाले, "काही करत नाही, नुसतं बघतो." त्यांनी इंजेक्शन तळहाताच्या आड धरलेलं मला दिसलं होतं. मग एकानं पाय धरले, आण्णांनी हात. दाढ निघताना किती दुखलं हे मला आज आठवत नाही. आठवतो तो आण्णांच्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा. तो माझ्या मनगटात रुतला होता आणि घरी आल्यावरही त्याच्या कड्यांची नक्षी कातडीवर उमटलेली होती.

त्यानंतर आण्णा मला खरोखरच खासबागेत घेऊन गेले. भेळ घेतली. तोंडात कापसाचा बोळा, खालचा ओठ बधिर. पुडी तशीच घरी आली.

दुखणं दोन दिवसांत गेलं. पण "चल, जरा बाहेर जाऊन येऊ" असं कुणी म्हटलं की "कुठं? खरं सांगा" असं विचारायची सवय मला पुढं कितीतरी वर्षं होती. दाताच्या डॉक्टरची पायरी मी चढले ती थेट गरोदरपणात, हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा. त्या दिवसांत तसं बऱ्याच जणींना होतं, हेही तिथंच कळलं.

लेकीला यातलं काय सांगायचं? मी उठून बसले आणि म्हटलं, "ती दाढ किडली होती. डॉक्टरांनी काढली."

"तू रडलीस?"

"हो, खूप. मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं ना."

तिनं चमचा खाली ठेवला, बॅटरी बंद केली. थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. "मला सांगशील?"

"सांगेन," मी म्हटलं. तिच्या दातांच्या डॉक्टरकडं जायची खरी तयारी माझ्यापुरती त्या शब्दापासून सुरू झाली.

आम्हाला उशीरच झाला होता. पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांच्या आत, फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, बाळाला एकदा दातांच्या डॉक्टरना दाखवावं असं बालदंतवैद्य सांगतात. लेकीच्या उष्टावणाला माझ्या भावानं खिरीचा चांदीचा चमचा तिच्या तोंडाला लावला आणि आत टक्क असा आवाज झाला. सगळे हसले, "दात आला, दात आला" म्हणून टाळ्या पिटल्या. खरं तर तेव्हाच डॉक्टरची वेळ घ्यायला हवी होती. लसीकरणाचं कार्ड आम्ही देवघरातल्या पोथीसारखं जपलं होतं, त्यातली एक तारीख चुकू दिली नाही. दातांचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दूध, मग दुधाचे दात, मग ते पडणार. पडणाऱ्या गोष्टीसाठी कोण डॉक्टरकडं जातं?

पण दुधाचे वीस दात एकदम पडत नाहीत. पुढचे सहा-सातव्या वर्षी जातात, मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे साडेचार वर्षांच्या पोरीला त्याच दाढांनी अजून सहा-सात वर्षं भाकरी चावायची असते. त्या आधीच गेल्या तर शेजारचे दात त्या जागेवर सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. त्यात दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ. कीड लागली की आत पोचायला तिला वेळ लागत नाही.

एका रविवारी गॅलरीत उन्हात बसून तिचे केस विंचरताना ती हसली आणि वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, मला एक पांढरी रेघ दिसली. खडूनं ओढल्यासारखी, चमक गेलेली. मला वाटलं दुधाची साय चिकटली असेल. बोटानं पुसली, गेली नाही.

अडीच वर्षांची होईपर्यंत ती बाटली तोंडात धरूनच झोपायची. बाटलीत चमचाभर साखर. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच थबकून राहतं आणि तोंडातले जंतू त्या गोडाचं आम्ल करत बसतात. पहिला मार बसतो तो वरच्या पुढच्या दातांना. खालचे पुढचे दात जीभ झाकून घेते, शिवाय तिथं लाळही खेळती असते, म्हणून ते वाचतात. आमच्या लेकीच्या तोंडात हे अगदी तसंच्या तसं दिसत होतं. आमच्या गावात दुधाला कोण नावं ठेवणार? गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणारं हे गाव. दुधावर माझाही राग नाही. झोपेतल्या बाटलीचं मला आधी कळायला हवं होतं, एवढंच.

लेकीची तयारी करण्याआधी घराची तयारी करावी लागली. ती जास्त अवघड होती.

माझ्या सासूबाई पोरीला जिवापलीकडं जपतात. पण पोरगी जेवेना झाली, पसारा आवरेना झाली, की त्यांच्या तोंडून सहज निघायचं, "गप बस, न्हाईतर डॉक्टरकडं नीन आन सुई मारायला लावीन." त्यांच्या आईनं हेच म्हटलं असणार, तिच्या आईनंही. आपल्याकडं पोरांना भीती घालायला आधी बागुलबुवा होता, मग पोलीस आला, मग डॉक्टर. आणि ज्याच्या नावानं वर्षभर भीती घालायची, त्याच्यापुढं एका सकाळी पोरानं हसत तोंड उघडावं अशी अपेक्षा धरायची! मी त्यांना म्हटलं, "आई, हे एवढं बोलायचं सोडू या. तिला त्यांच्याकडंच घेऊन जायचंय." त्या गप्प झाल्या. वाईट वाटलं असावं. पण त्यानंतर मी तरी ते वाक्य घरात ऐकलं नाही, आणि जिभेवर बसलेलं वाक्य उतरवायला त्या वयात काय पडतं हे मला कळतं.

त्यांनी स्वतः कधी दातांचा डॉक्टर पाहिला नव्हता. त्यांचं माहेर कागलकडचं, घरचं गुऱ्हाळ. लहानपणी दाढ दुखली की दारावर वैदू यायचा. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायचा, नळीतून धूर तोंडात घ्यायला लावायचा आणि मग वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरं काहीतरी दाखवायचा, ही बघ कीड पडली. "मी डोळ्यानं बघितल्यात अळ्या," सासूबाई सांगतात, आणि लेक डोळे मोठे करून ऐकते. दातात अळी नसते. 'कीड' या आपल्या शब्दानंच तो घोळ घातलाय. दात पोखरतं ते आम्ल, आणि ते बनवतात डोळ्यांना न दिसणारे जंतू, आपण खाल्लेल्या गोडापासून. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "मग ते जंतू गूळ पण खात्यात?"

खातात. इथं आमच्या घरात खरी अडचण होती. कोल्हापूरचा गूळ, त्याला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालं, आमच्याकडं औषधासारखा दिला जातो. साखर वाईट, गूळ चांगला, असा सगळ्यांचा पक्का समज. शेंगदाण्याबरोबर गूळ, चपातीवर काकवी, दुपारी झोपून उठल्यावर हातावर खडा. पण गुळातही बहुतेक साखरच असते आणि वर तो दाढांच्या खाचांत चिकटून बसतो. दर वेळी काही गोड तोंडात गेलं की पुढचा अर्धाएक तास दातांवर आम्लाचा मारा चालतो. त्यामुळं किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याचा हिशेब जास्त महत्त्वाचा. मी गूळ बंद करा म्हटलं नाही. जेवणाबरोबरच द्या, अधूनमधून नको आणि रात्री ब्रश केल्यावर अजिबात नको, एवढंच म्हटलं. सासूबाईंना ते पटलं. गूळ त्यांच्या माहेरचा आहे, तो मी तोडला असता तर त्यांनी माझं दुसरं काहीच ऐकलं नसतं.

मशेरीचं मात्र मी काही करू शकले नाही. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, चुरून डबीत भरायचं आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांवर घासत बसायचं. चाळीस वर्षांची सवय. त्या वासानंच त्यांची सकाळ होते. लेक त्यांच्या शेजारी बसून रिकाम्या बोटानं तस्संच घासायची, तोंड वाकडं करून, थेट आज्जीसारखं. ते पाहून माझ्या पोटात गोळा यायचा. या विषयावर मी दाताच्या कण्या केल्या आहेत. आता त्या मागच्या दारी जाऊन, पोरगी उठायच्या आत, मशेरी लावतात. सध्या तेवढ्यावर आम्ही दोघी थांबलो आहोत.

आता शब्दांचं. डॉक्टरकडं फोन केला तेव्हा त्या बाईंनी मला वेळ देण्याआधी दोन मिनिटं बोलून घेतलं. म्हणाल्या, "'दुखणार नाही' असं सांगू नका. तिच्या मनात दुखण्याचं काही नसलं तरी तुम्ही ते आणून ठेवता. 'घाबरू नकोस' पण नको. आणि रडली नाहीस तर खेळणं घेईन, असं तर मुळीच नको. म्हणजे तिथं रडण्यासारखं काहीतरी आहे, हे तिला कळतं." मग सांगू काय? "जे होणार आहे तेवढंच सांगा. दात मोजणार, आरशानं बघणार, खुर्ची वरखाली होते. न कळणारं काही विचारलं तर सांगा, आपण डॉक्टरनाच विचारू."

मी फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिले. किती साधं होतं हे. माझ्या आण्णांना कुणी असं दोन मिनिटं सांगणारं भेटलं नव्हतं.

आठवडाभर आधी सांगून तिच्या मनात विचार घोळवत ठेवायचा नाही, म्हणून दोन दिवस आधी सांगितलं. वेळ सकाळची घेतली, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना. चमच्याचा खेळ केला. मांडीवर डोकं ठेवून मागं झोपायची आणि तोंड उघडं ठेवायची सवय केली, कारण लहान मुलांना सगळ्यात नकोसं होतं ते असं उताणं पडून राहणं. वीस आकडे मोजून होईपर्यंत तोंड उघडं ठेवायला ती शिकली.

एवढं सगळं करून आम्ही राजारामपुरीतल्या त्या दवाखान्यात गेलो आणि लेकीनं तोंड उघडलंच नाही.

रडली नाही, ओरडली नाही. माझ्या मांडीवर खुर्चीत बसली, ओठ घट्ट मिटले आणि छतातल्या दिव्याकडं बघत राहिली. मला घाम फुटला. "घरी तर किती छान करत होतीस" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. डॉक्टरबाईंनी तिला हातमोजा दाखवला, फुगवून त्याची पाच बोटांची कोंबडी केली. वारा मारणारी पिचकारी तिच्या तळहातावर सोडली. आरसा तिच्या हातात दिला. मुलांच्या दवाखान्यात या रीतीला 'सांगा, दाखवा, करा' म्हणतात. अ‍ॅडलस्टन नावाच्या अमेरिकी दंतवैद्यानं 1959 मध्ये ती मांडली आणि आजही जगभर तीच वापरतात. आधी शब्दांत सांगायचं, मग हातावर किंवा नखावर दाखवायचं आणि मगच तोंडात करायचं. आमच्या लेकीनं सांगितलेलं ऐकलं, दाखवलेलं पाहिलं, आणि करायची वेळ आली तेव्हा मान हलवली. नाही.

"बरं," डॉक्टर म्हणाल्या. "आज एवढंच. पुढच्या शनिवारी ये. आणि एक सांगून ठेवते. हात वर केलास की मी थांबणार. कधीही. नुसता हात वर."

झालं. आम्ही घरी आलो. नवऱ्यानं शिरोलीहून फोन करून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "छान झालं." खरंच छान झालं होतं. तिनं नाही म्हटलं आणि कुणी तिला धरलं नाही.

शनिवारी नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आण्णा सोबत आले. आता ते सत्तरीचे आहेत. रिक्षातून उतरल्यावर ते बाहेरच्या बाकड्यावर बसले. "तुम्ही जावा, मी हितं बसतो," म्हणाले. मीही आग्रह केला नाही.

या वेळी लेक माझ्या मांडीवर बसली, मागं टेकली आणि तोंड जेमतेम उघडलं. आरसा आत गेला न गेला तोच तिचा हात वर. डॉक्टरांनी आरसा बाहेर काढला, दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवले आणि स्वस्थ बसल्या. लेकीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडं. परत तोंड उघडलं. परत हात वर. परत डॉक्टर थांबल्या, चेहऱ्यावर कंटाळ्याची एक रेघ नाही. तिसऱ्यांदा तिनं हात वर केला तो अर्धाच, कोपरातून जरासा. डॉक्टर तेवढ्यालाही थांबल्या.

मग तो हात खाली आला, फ्रॉकवर पोटाशी पडला आणि तिथंच राहिला. तिची बोटं सैल झाली. तोंड आपोआप मोठं उघडलं. डॉक्टर मोठ्यानं मोजत होत्या आणि लेक घशातून हुंकार भरत होती. वीसपर्यंत. मी तिचं मनगट बघत होते.

वरच्या दातांवरच्या पांढऱ्या रेघा म्हणजे किडीची सुरुवात. तिथं अजून खड्डा नाही, त्यामुळं फ्लोराइडचा लेप लावून आणि घासणं सुधारून त्या तिथंच थांबवता येतील, असं डॉक्टर म्हणाल्या. खालच्या एका दाढेत बारीक तपकिरी खड्डा आहे, तो पुढच्या खेपेला भरायचा. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी, तीन वर्षांच्या आत असती तर तांदळाच्या दाण्याएवढी. दिवसातून दोनदा, रात्रीचं कधीही चुकवायचं नाही. आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत ब्रश आपण फिरवायचा, कारण तोवर हाताला ते वळण येत नाही. मी मान डोलवत होते. लेप बारीक ब्रशनं लावला, चिकट होता, लेकीनं जीभ फिरवून तोंड वेडंवाकडं केलं, पण हात वर केला नाही.

बाहेर येऊन ती सरळ आण्णांपुढं उभी राहिली. "आण्णा, मी हात वर केला की डॉक्टर थांबत्यात. तीनदा थांबल्या."

"व्हय?" आण्णा म्हणाले. "थांबल्या?"

"तीनदा."

आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रिक्षात बसल्यावर बराच वेळ ते बाहेर बघत होते. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "खासबागेवरनं घ्या."

खासबागेपाशी उतरल्यावर ते गाड्याकडं चालू लागले. लेकीनं त्यांचा शर्ट ओढला. "आज कुरकुरीत खायचं न्हाई. डॉक्टरांनी सांगितलंय. उद्या सकाळपर्यंत."

आण्णा थांबले. "तुला न्हाई गं," ते तिला म्हणाले. एकच पुडी घेतली. परत आले आणि ती माझ्यापुढं धरली.

"तवा तू खाल्ली न्हवतीस."

कागद गरम होता, चिंचेचं पाणी एका कोपऱ्यातून पाझरत होतं. मी पुडी उघडली.